डेंगळेकाकू

सरलाकाकूंच्या फ्रिजमध्ये दुधाला जागा मिळत नाही, कारण तिथे लसूण झोपलेला असतो.

'झोपलेला' हा त्यांचाच शब्द. श्रावण लागला की फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सुती ओढणीत गुंडाळलेली लसणाची गाठोडी जाऊन बसतात, आणि लागवडीचा दिवस येईपर्यंत त्या कप्प्याला कुणी हात लावायचा नाही. चुकून उघडलाच, तर काकू तान्ह्या बाळाजवळ बोलावं तशा दबक्या आवाजात ओरडतात, "अहो, थंडी मोडली ना त्याची!" श्रावणात लसूण वर्ज्य म्हणून आमच्या घरातला लसूण तेवढे दिवस निजून असतो, असं काका सगळ्यांना सांगतात. काका रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांना ऐकू कमी येतं पण वास नीट येतो, हे त्यांचं दुर्दैव. त्यांचं दही माझ्या फ्रिजमध्ये राहतं.

मी शेजारीण. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. त्यामुळे काकूंच्या घरातली फोडणी, भांडण आणि बातमी या तिन्ही गोष्टी माझ्याकडे ताज्या पोचतात. मी शाळेत शिकवते म्हणून काकू मला मास्तरीण म्हणतात. कॉलनी काकूंना डेंगळेकाकू म्हणते.

आता डेंगळा म्हणजे काय, हे कांद्याच्या मुलखाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कांद्याच्या किंवा लसणाच्या पातीतून मधोमध एक गोल दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला चोचीसारखी निमुळती कळी असते. तो डेंगळा. शहरातल्या माणसाला त्यात फूल दिसतं, आमच्याकडच्या शेतकऱ्याला नुकसान दिसतं. डेंगळा आला की कांदा पोसत नाही, साठवला तर टिकत नाही आणि बाजारात नेला तर व्यापारी बाजूला काढतो. म्हणून दिसला की मोडायचा आणि गुरांपुढे टाकायचा. घरातली भानगड जशी कुणी पाहुण्यांपुढे काढत नाही, तसं वावरातल्या डेंगळ्याबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही.

आणि अशा या जिल्ह्यात सरलाकाकू गल्लीतल्या भाजीवालीला विचारत फिरायच्या, "लसणाचे डेंगळे आहेत का गं?" भाजीवालीला वाटायचं बाई टोमणा मारतेय. कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने तर वास्तुशांतीच्या पत्रिकेवर 'श्री. व सौ. डेंगळे' असंच लिहून टाकलं. काकांनी पत्रिका मान देऊन घेतली आणि आहेराच्या पाकिटावरही तेच नाव घातलं. म्हणाले, "उगाच त्यांचा घोळ नको व्हायला."

डेंगळ्याचे गुण सांगायला लागल्या की काकूंना रस्ता पुरत नाही. बीपीला चांगला, गुडघ्याला चांगला, सर्दीवर रामबाण, पोट साफ, केस काळे. एकदा त्यांनी कॉलनीतल्या डॉक्टर मॅडमना फाटकातच अडवलं. मॅडम समजूतदार. म्हणाल्या, "इतर हिरव्या भाजीसारखाच समजा, काकू. चोथा आहे, जीवनसत्त्वं आहेत, चवीलाही छान. फक्त बीपीची गोळी बंद करू नका." यातलं 'छान' तेवढं काकूंनी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं की डॉक्टरांनी डेंगळे लिहून दिलेत.

प्रयोगाला हक्काची व्यक्ती मी. सायखेड्याला काकूंच्या दिराची शेती आहे. तिकडे चक्कर झाली की बांधावर फेकलेले चार-दोन डेंगळे पिशवीतून यायचे आणि रात्रीपर्यंत वाटी माझ्या ओट्यावर. पीठ पेरून केलेली भाजी. तव्यावर मिरची, शेंगदाण्यांबरोबर रगडलेला ठेचा. बारीक चिरून थालीपिठात. कढीच्या फोडणीत. लिंबाच्या रसात मुरवलेलं लोणचं. मी काही बोलायला तोंड उघडलं की काकू म्हणायच्या, "आधी खा आणि मग बोला." मी खायचे आणि मग बोलण्यासारखं काही उरायचं नाही. लसणाचा तिखटपणा हातचा राखून, शेंगेसारखा कोवळा आणि किंचित गोडसर असा तो प्रकार मला मनापासून आवडायला लागला. कधीकधी मात्र तोंडात सुतळी आल्यासारखं व्हायचं. त्याचंही शास्त्र काकूंकडे तयार होतं. "डेंगळा वाकडा आहे तोवरच कोवळा. ताठ झाला की कुणाच्या कामाचा नाही. तुमच्या काकांसारखा."

काकांना हे ऐकू आलं नाही.

पण हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. विचारलं तर काकू गुडघ्याचं नाव सांगत. खरं कारण होतं पूनम.

काकूंचा मुलगा अमोल फौजेत. डोंगरातल्या पोस्टिंगवर असताना त्याने हिमाचलातल्या एका मुलीशी लग्न ठरवलं आणि फोनवर कळवलं. काकूंनी फोन काकांच्या हातात दिला. काका म्हणाले, "हो, इथेही थंडी आहे." मग काकूंनी कॉलनीत जाहीर केलं, "मुलगी त्याच्या पसंतीची आहे, माझ्या नाही. आता त्याचं तो बघेल." लग्नाला त्या गेल्या ते तोंड फुगवूनच.

लग्नानंतर पूनम काही आठवडे इथे राहिली. गोरी, बारीक आवाजाची, सगळ्याला मान हलवून हो म्हणणारी पोरगी. ताटात मात्र दोन घास. काळा मसाला तिला झेपत नव्हता, बाजरीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. काकू मुकाट्याने वाढायच्या, ती मुकाट्याने ठेवायची. शेवटी एका दुपारी काकूंचाच धीर सुटला. "अगं, तुमकू क्या पसंद है, एक बार बोल तो दो!"

पूनमने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "लहसुन की डंडी, माँजी. आलू के साथ. हमारे यहाँ चैत-बैसाख में खेत से निकलती है."

काकू तडक माझ्याकडे आल्या. "मास्तरीण, मोबाइलमध्ये बघ, लसणाची दांडी म्हणजे काय असतं." मी फोटो काढून दाखवला. काकूंनी चष्मा वर केला, खाली केला. "अगं बाई! हे तर डेंगळे! आपण गाईला घालतो ते!"

त्या दिवसापासून सुरुवात. पूनमच्या माहेराहून पहाडी लसणाचं बियाणं मागवलं, कारण आपल्या लसणाला डेंगळा येतो तो एखाद-दुसरा, तोही काडीसारखा. काकूंनी कंपाउंडच्या कडेला वाफा केला. पहिल्या वर्षी नुसती पात आली, गवतासारखी. त्याला डेंगळा यायला थंडी लागते, असं मीच कुठेतरी वाचून सांगितलं आणि काकांच्या दह्याला देशोधडीला लावलं. "थंडी हवी? एवढंच ना?" काकू म्हणाल्या आणि फ्रिजमधलं दूध बाहेर काढलं.

दुसऱ्या वर्षी लसूण झोपून उठला, वाफ्यात गेला, आणि पूनम इथे आली ती दिवस राहिलेली. अमोल सीमेवर. तिच्या माहेरचा रस्ता लांबचा, घाटाघाटांचा, आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं. उलट्या थांबल्या तरी तिची भूक काही परत आली नाही. तपासणीला मीही बरोबर गेले होते. डॉक्टर मॅडम एरवी हसून बोलतात, त्या दिवशी हसल्या नाहीत. "बाळाचं वजन मागे पडतंय. आईने खायला हवं. काय आवडतं ते द्या, पण खाऊ घाला."

काकू घरी आल्या आणि थेट वाफ्याजवळ जाऊन बसल्या.

आता सगळं त्या वाफ्यावर होतं. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाचा दिवस ठरला होता आणि काकूंना त्या दिवशी सुनेच्या ताटात तिची डंडी हवी होती. दुपारच्या उन्हात वाफ्यावर जुनी साडी बांधली जाई. संध्याकाळी त्याला माठातलं गार पाणी मिळे, आम्हाला कोमट. राखणीला काकांना खुर्ची टाकून बसवलं होतं, पण वाफ्याआधी काकाच झोपायचे. एवढं करून मी म्हटलं, "काकू, सुनेसाठी चाललंय ना सगळं?" तर म्हणतात कशा, "काहीतरीच! माझ्या गुडघ्याला उतार पडलाय यानं."

एका सकाळी मधली भिंत दणदणली. "मास्तरीण, आले! आले!" मी पोळी तव्यावर टाकून धावले. पातीतून हिरवेगार डेंगळे वर आले होते, टोकं वळवून, नखरा करत. पूनम दारातून बाहेर आली. खाली वाकून तिने एकाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि हसली. ती हसते हे मला तेव्हा कळलं. काकू लगबगीने अंगण झाडायला लागल्या. ते सकाळीच झाडून झालेलं होतं.

"आत्ताच काढू या का?" मी विचारलं.

"थांब गं. अजून एक वेढा पडू दे. जेवणाच्या दिवशीच ताजे काढू."

डोहाळजेवणाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी सायखेड्याहून काकूंचे धाकटे दीर आले, भाऊराव. द्राक्षांची पेटी, नारळ, घरचे पोहे असं सगळं घेऊन. भाऊराव म्हणजे कांदा आणि कांदा म्हणजे भाऊराव. "माझ्या वावरात डेंगळा दाखवा आन् हजार रुपये घेऊन जा," हे त्यांचं वाक्य जिल्ह्यातल्या सगळ्या लग्नांत ऐकलेलं. मनाने सोन्याचा माणूस.

शेतकरी माणूस पहाटेच उठला. दात घासत घासत वाफ्याशी आला आणि बघतो तो काय, वहिनीच्या लसणाला डेंगळेच डेंगळे! ब्रश बाजूला ठेवून त्यांनी एकूण एक डेंगळा मुळापासून मोडला, गल्लीतल्या गाईला घातला, वाफ्याला पाणी दिलं, हात धुतले आणि चहाची वाट बघत बसले.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी तिथेच होते.

"वहिनी," भाऊराव खुशीत म्हणाले, "लय डेंगळे झाल्ते तुमच्या लसणाला. समदे मोडून टाकले. आता बघा, गड्डा कसा पोसतो!"

काकूंनी कप खाली ठेवला आणि पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पूनम दारात उभी होती. तिने रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं. "कोई बात नहीं, चाचाजी," म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिने जेवायलाही नको म्हटलं.

भाऊरावांना काही उमगेना. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा उतरला. "म्हंजी, पोरीच्या तोंडचा घास मी गाईला घातला?" एवढं म्हणाले आणि चहा न घेताच मोटरसायकलवर बसले.

पुढचं मला नंतर कळलं. भाऊरावांनी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, "लसणाचे डेंगळे कोणाकडे हायेत का? पाहिजेत." सायखेड्यात हसण्याची लाट आली. "भाऊराव, तब्येत बरी हाय ना?" "आमच्याकडं? नाव नका काढू." "डेंगळे तुमच्याच वावरात शोधा." मग ते स्वतः वावरोवावर फिरले. सगळे शेतकरी कांद्याच्या वाफ्यांच्या कडेने घरापुरता लसूण लावतात. कुणाकुणाच्या लसणात डेंगळे डुलताना लांबून दिसत होते. पण भाऊराव जवळ आले की मालक डेंगळ्यांपुढे आडवा उभा राहायचा. "नाय बा. आपल्याकडं नाय डेंगळा." इज्जतीचा प्रश्न होता. आणि ही इज्जत गावाला शिकवली कुणी? भाऊरावांनीच.

दिवस कलताना भाऊराव स्वतःच्या वावरात गेले. बांधाच्या कडेच्या लसणात चार डेंगळे होते. पहाटे मोडतात ते आज राहून गेलेले. त्यांनी ते मोडले नाहीत. त्यांच्याशेजारी उकिडवे बसले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे माझ्या वावरातले डेंगळे. दर साली येत्यात. मी पहाटे मोडतो. घरात पोटुशी सून उपाशी हाय, तिला हेच पाहिजेत. ज्याच्याकडं असतील त्यानं द्या."

म्हणे मग एक फोटो आला. मग दुसरा. मग सायखेड्याने फोटोंचा पाऊस पाडला. "माझे बघा." "आमचे जास्त हायेत." "भाऊराव, आमच्याकडं तर जंगल झालंय!" वर्षानुवर्षं लपवलेले डेंगळे एका संध्याकाळीत उजेडात आले.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंगणात डोहाळजेवणाची गडबड. पूनम हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून सजवलेल्या झोपाळ्यावर बसलेली. बायका गाणी म्हणत होत्या, ती शहाण्यासारखी हसत होती आणि तिच्या ताटातलं पक्वान्न तसंच होतं. काकू सगळ्यांना वाढत होत्या, पण त्या ताटाकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला. तोही एकदा नाही, वाजतच राहिला. पिकअपच्या पुढच्या सीटवरून भाऊराव उतरले, मागून सायखेड्याच्या बायका उतरल्या, आणि त्यांच्या मागून द्राक्षांच्या क्रेटांमध्ये रचलेल्या, सुतळीने बांधलेल्या डेंगळ्यांच्या जुड्या. एका क्रेटमध्ये तर उत्साहाच्या भरात कांद्याचेही डेंगळे आले होते.

"वहिनी, घ्या!" भाऊराव म्हणाले. "समद्या गावाचे हायेत. आता आपल्याकडं कोणाचीच इज्जत राह्यली नाय!"

काकूंनी पदर खोचला. अंगणातच सतरंजीवर निवड सुरू झाली. वाकडे आत, ताठ बाहेर. विळ्या निघाल्या, आत लोखंडी कढई चढली. काकूंनी तेलात जिरं टाकलं आणि डेंगळे टाकणार, तोच मागून आवाज आला, "नहीं माँजी! पहले आलू!"

पूनम झोपाळा सोडून स्वयंपाकघरात आली होती. हातात फुलांची कंकणं, कपाळावर मुंडावळीसारखी माळ. आमच्यातली एक जण म्हणाली, "अहो, डोहाळकरणीनं चुलीशी नाही यायचं." काकूंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग झारा सुनेच्या हातात दिला.

ती जेवली ते काय सांगू! वाटी संपली, दुसरी संपली, मग ताटच भरून घेतलं. अंगणात आम्ही सगळ्या बायका एका पोरीला जेवताना बघतोय. तिने मान वर केली, सगळ्यांचे डोळे पाहिले, लाजली आणि म्हणाली, "और है?" मग जो गलका झाला! सायखेड्याच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. काकांनाही ऐकू आलं. भाऊरावांनी दारातच उभं राहून पहिल्यांदा डेंगळ्याची भाजी खाल्ली आणि कपाळाला हात लावला. "इतकी सालं आपण गाईला घातलं हे? गाय लय हुशार हाय!" काकू आल्यागेल्या प्रत्येकीला सांगत होत्या, "गुडघ्याला फार चांगलं बरं का." कुणीही विरोध केला नाही.

दिवेलागणीला सगळे पांगले. काकूंची भांडी परत द्यायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. काकू जमिनीवर पाटावर बसल्या होत्या. समोर रिकामं ताट. ओट्याशी पूनम उभी होती आणि तव्यावर एक काळपट, वाकडीतिकडी भाकरी भाजत होती. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने करपलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"कळण्याची भाकरी," काकू म्हणाल्या. "ज्वारी आणि उडदाची. आमच्याकडे सटाण्याला करतात."

इतक्या वर्षांच्या शेजारात मला काकूंचं माहेर सटाण्याकडचं आहे हे माहीत नव्हतं. त्या कधी बोलल्याच नव्हत्या.

"मघाशी ही मला विचारते," काकू सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अमोलच्या वेळी तुम्हाला काय खावंसं वाटायचं? अगं, अमोल आता एवढा घोडा झाला, आणि आज कुणी पहिल्यांदा विचारलं. तेव्हा मला या भाकरीचेच डोहाळे लागले होते. सासूबाई म्हणाल्या, असलं काळं आमच्यात खात नाहीत. माझ्या माहेरच्या बोलीलाही सगळे हसायचे. मग मी दोन्ही सोडून दिलं."

"पण नंतर कधी करून का नाही खाल्लीत?"

"डोहाळे दुसऱ्यानं पुरवायचे असतात, मास्तरीण. आपले आपणच पुरवले तर ती नुसती भाकरी."

पूनमला यातलं किती कळलं कोण जाणे. तिने भाकरी ताटात ठेवली, वर तुपाची धार सोडली, बाजूला तिची डेंगळ्याची भाजी वाढली आणि जड अंगाने सासूच्या शेजारी खाली बसली. "खाओ ना, माँजी. जल गई थोड़ी."

काकूंनी घास मोडला. करपलेल्या बाजूचाच. खाली मान घालून, हळूहळू, चवीचवीने त्यांनी सबंध भाकरी खाल्ली. पूनम दुसरी आणायला उठू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या बोलीत म्हणाल्या, "बस व माय. पोट भरनं मन्हं."